दोन पानांचं सोवळं

ब्रिटनमधल्या नोकरीसाठी सीव्ही लिहायचा, तर त्यात काय घालावं यापेक्षा काय गाळावं याचीच यादी मोठी. फोटो नको, जन्मतारीख नको, लग्न झालंय की नाही ते नको, धर्म नको, वडिलांचं नाव तर नकोच नको. उरेल ते दोन पानांत बसवायचं. आपल्याकडच्या बायोडाटात हे सगळं असतं, वर तळाशी ‘वरील माहिती सत्य आहे’ अशी शपथ, स्थळ, दिनांक आणि सही. त्यात रास, उंची आणि मामाचं कुळ घातलं की तोच कागद वधूवर सूचक मंडळातही चालेल. साहेबाला मात्र यातलं काही कळता कामा नये. २०१० च्या समानता कायद्याने वय, वंश, धर्म, लिंग, वैवाहिक स्थिती अशा नऊ बाबींवरून भेदभाव करायला मनाई केली आहे. भेदभाव करायचा नाही साहेबाने, पण त्याचं सोवळं मोडू नये म्हणून अंग चोरून उभं राहायचं उमेदवाराने.

एवढं पुसूनही पहिल्या ओळीत, सगळ्यांत ठळक अक्षरांत, नाव उरतंच. आडनाव कानावर पडताच समोरच्याची जात, जिल्हा आणि शक्यतो राजकीय पक्षही ओळखणाऱ्या मराठी माणसाला नावाचा महिमा सांगायला नको. ही विद्या फक्त आपल्यालाच येते, असा अभिमान मात्र सोडावा. ब्रिटिश सरकारच्याच श्रम खात्यासाठी २००९ मध्ये एक पाहणी झाली. शिक्षण, अनुभव सगळं सारखं, फक्त नावं वेगळी, असे अर्ज धाडले गेले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला सरासरी नऊ अर्जांमागे एक होकारार्थी उत्तर आलं, आफ्रिकी-आशियाई वाटणाऱ्या नावाला सोळांमागे एक. दहा वर्षांनी ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजच्या संशोधकांनी तोच खेळ पुन्हा मांडला, तेव्हा अल्पसंख्याक उमेदवाराला साठ टक्के जादा अर्ज करावे लागतात असं दिसलं. थोडक्यात, साहेब वय वाचत नाही, धर्म वाचत नाही. नाव तेवढं वाचतो, आणि मग बाकीचं वाचायची त्याला गरज पडत नाही.

कुणी म्हणेल, निदान त्यांनी मोजलं तरी. आपल्याकडे खासगी नोकऱ्यांत कोण मोजतं? हे अगदी खरं. १९६८ पासून त्यांच्या कायद्यात नोकरीतला वंशभेद निषिद्ध आहे, आणि स्वतःचीच लबाडी आकड्यांत छापण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्यापाशी आहे. पण गंमत अशी, की २००९ च्या त्याच पाहणीत, जिथे मालकाने स्वतःचा ठरावीक नमुन्याचा अर्ज भरून मागितला होता, तिथे भेदभाव जवळजवळ दिसलाच नाही. म्हणजे औषध सापडलं होतं. २०१५ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी नाव झाकून अर्ज तपासण्याची घोषणा केली. सरकारी सेवा, बीबीसी, काही बड्या कंपन्या तयारही झाल्या. बाकीच्यांनी सीव्हीच मागवणं चालू ठेवलं, आणि तो कसा लिहावा याचे सल्ले उमेदवारांना देणं त्याहून जोरात. दुसरा एक व्यवहारी आक्षेप असतो: समीरचा सॅम करावा, अडलंय कुठे? मुलाखतीला सॅम पाठवता आला असता तर काहीच अडलं नसतं.

पुण्या-नागपुराहून अर्ज करणाऱ्याला तर या सगळ्यापर्यंत पोचायचीही घाई नको. फोटो गाळला, वय लपवलं, नवराबायकोचा उल्लेख खोडला, की ऑनलाइन अर्जाच्या शेवटी बहुतेकदा एक निरागस प्रश्न असतो: तुम्हाला व्हिसासाठी कंपनीचं प्रायोजकत्व लागेल का? कुशल कामगार व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नवख्यांना आणि काही पेशांना थोडी सूट. ‘हो’ वर टिचकी मारली, की हा अर्ज पुढे न्यायचा नाही हे अनेक कंपन्या तिथल्या तिथे ठरवतात. प्रायोजकत्वाची ही चाळणी बहुधा कायद्यात बसते, त्यामुळे त्यासाठी कुणाला सोवळं नेसावं लागत नाही.