शरीरभान कसे कमवावे : मोखाडा पद्धती

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे ते आधी ठरवून घेऊ. योगवर्गात बाई सांगतात, ‘डाव्या पायाची करंगळी जमिनीला टेकली आहे का, ते आतून अनुभवा’, आणि आपण मान वाकवून करंगळीकडे बघतो. ज्याला स्वतःची करंगळी शोधायला डोळे लागतात, तो पात्र. ‘खांदे सैल सोडा’ असे ऐकताच ज्याचे खांदे कानांना भिडतात, त्याला प्रवेशात प्राधान्य. वयाची अट नाही. मॅट आणू नये.

थोडे शास्त्र, म्हणजे पुढचे हाल सुसह्य होतील. स्नायूंत आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांत ताण मोजणारे बारीक संवेदक असतात. कोणता सांधा किती वाकला, कुठे किती ओढ बसली, हे ते लहान मेंदूला अखंड कळवत असतात. शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने 1906 साली या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन असे भारदस्त नाव दिले. डोळे मिटून नाकाचा शेंडा सापडतो तो हिच्यामुळे. ही टपालसेवा चोवीस तास चालू असते. शहरात फक्त टपाल फोडून वाचणारे कोणी घरी नसते.

स्नायूंवरच्या ताब्याची परिसीमा बघायची तर नौली बघावी. पोटाचे उभे स्नायू एकेक करून वेगळे काढायचे आणि घुसळायचे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि नौली-उड्डियान करणाऱ्यांच्या पोटातला दाब यंत्र लावून मोजला. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. या निर्वात अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. आपल्याला इतक्या लांब जायचे नाही. नवशिक्याची अडचण उलटीच असते: एक स्नायू आवळायला सांगितला की तो चौदा आवळतो, वर जबडाही. ताबा म्हणजे बळ लावणे नव्हे. ज्यांचे काम नाही त्यांना घरी पाठवणे. हे एक वाक्य समजले असेल तर इथेच थांबून पैसे वाचवता येतील. समजले पण अंगात उतरले नाही, अशांनी पुढे वाचावे.

पुण्याला अय्यंगारांच्या संस्थेत दोर, पट्टे, लाकडी विटा अशी साधने आहेत आणि ती उत्तम आहेत. मोखाडा तालुक्यातही साधने आहेत. फरक एवढाच की तिथे ती साधकाला आधार देतात, इथे साधक साधनांना.

प्रवास हाच पहिला धडा समजावा. नाशिकहून त्र्यंबकेश्वरमार्गे मोखाडा-जव्हारकडे जाणारी एसटी धरावी आणि जागा मिळाली तरी बसू नये. तोरंगण घाट लागला की वरची दांडी सोडावी. ताडासन म्हणजे नुसते उभे राहणे, त्यात काय शिकायचे, असे म्हणणाऱ्यांची शंका तिसऱ्या वळणावर फिटते. गुडघे ताठ ठेवणारा कंडक्टरच्या अंगावर जातो. गुडघ्यांत किंचित ढील ठेवून तळपायांनी रस्ता वाचणारा उभा राहतो. कंडक्टर स्वतः दोन्ही हात तिकिटात गुंतवून, पाठ टेकवून किंवा न टेकवताही, पूर्ण घाट उभा असतो. त्याला गुरुस्थानी मानावे. त्याने मानून घेतले नाही तरी.

दुसरा पाठ आषाढातला. 21 जूनला योग दिन असतो, शाळेच्या पटांगणात हात वर होतात, फोटो निघतात. त्या सुमारास इथल्या शेतकऱ्यांच्या राबात भात पेरलेले असते. राब म्हणजे उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून भाजलेला वाफा. रोपे हातभर झाली आणि पाऊस नीट लागला की आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू होते. साधकाने तिथे हजर व्हावे. आधी बांधावरून चालत खाचरापर्यंत पोचायचे आहे. बांध पाऊलभर रुंद, ओला आणि निसरडा. वृक्षासनाची पूर्वतयारी म्हणून याच्याइतका चांगला बांध दुसरीकडे बांधून मिळणार नाही. पडल्यास दुखापत नाही, कारण दोन्हीकडे चिखल आहे. प्रेक्षकही दोन्हीकडे आहेत.

खाचरात उतरल्यावर उत्तानासन. वर्गात ते आठ श्वास धरवतात. इथे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, मध्ये भाकरीची सुट्टी. इथे एक बारकावा नीट बघण्यासारखा आहे. आपण वाकतो ते कंबरेतून, पाठीची कमान करून, आणि तासाभरात ‘आई गं’ म्हणून सरळ होतो. आवणी करणाऱ्या बायका खुब्यातून वाकतात. पाठ लांब राहते, गुडघे जरा सैल, भार मांडीच्या मागच्या स्नायूंवर. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे रोप चिखलात खुपसतात, आणि पाय न बघता मागे मागे सरकतात. मागे काय आहे ते टाच सांगते. वर इरले किंवा प्लास्टिकचा कागद, त्यावर पावसाचा मारा, आणि गाणे किंवा शेजारणीची चहाडी चालूच. श्वास रोखलेला नाही, याची ही खूण. ज्या साधकाला आसनात असताना चहाडी करता येते, त्याचे आसन स्थिर आणि सुखाचे झाले असे समजावे. पतंजलींची अपेक्षा तरी याहून वेगळी काय होती?

संध्याकाळी त्या बाईच्या पाठीला हात लावून विचारलेत तर ती दुखते असेच सांगेल. या माहितीचा अभ्यासक्रमाच्या जाहिरातीत समावेश नाही.

आता मुख्य पाठ, हंडा. हा उन्हाळी वर्ग आहे. मार्चपासून विहिरी खरवडायला लागतात आणि पाड्यांवर टँकरची वाट बघणे सुरू होते. पावसाळ्यात याच तालुक्यावर आभाळ फाटते, पण उताराचे पाणी उताराने जाते.

कृती अशी. लुगड्याच्या पदराची किंवा जुन्या फडक्याची चुंबळ करून टाळूवर ठेवावी. कपाळाकडे नाही, मागे नाही, जिथे ती ठेवल्यावर मान आपोआप लांब होते तिथे. मग दुसऱ्या कोणी हंडा उचलून द्यावा. एकटीने उचलून ठेवणे हा पुढचा टप्पा आहे. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, भांडे वेगळे. नवशिक्यांनी दया म्हणून अर्धा भरून घेऊ नये. अर्ध्या हंड्यातले पाणी हिंदकळते, प्रत्येक पावलाला वजन डावीउजवीकडे पळते आणि मान त्याच्या मागे पळते. भरलेला हंडा जड असतो पण शांत असतो. पाण्यावर चार पाने टाकायची जुनी युक्ती आहे, तीही त्यासाठीच.

चालताना पाऊल लहान, टाच हलकी. गुडघा ताठ झाला की धक्का थेट डोक्यात. नजर दहा-बारा पावलांपुढे, कारण मान खाली घालून दगड बघता येत नाही. दगड पायाने बघायचा. योगवर्गात दृष्टी स्थिर करायला भिंतीवर ठिपका लावतात. कोणी मागून हाक मारली तर मान वळवायची नाही, सगळे अंग वळवायचे, किंवा पुढे बघतच ओरडून उत्तर द्यायचे. नाकावर माशी बसली तर प्रत्याहार. एक हात हंड्याला, दुसऱ्या हातात कळशी, त्यामुळे दुसरा उपायही नाही.

एका साधकाने विहिरीच्या वाटेवर थांबून मोठ्या भक्तिभावाने म्हटले होते, ‘मावशी, तुमचं कोअर फार स्ट्राँग आहे.’ मावशी म्हणाल्या, ‘व्हय, पण बाजूला व्हा, वाट अरुंद आहे.’

विज्ञानाचीही साक्ष आहे. 1986 साली ‘नेचर’ या नियतकालिकात पूर्व आफ्रिकेतल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा अभ्यास छापून आला. डोक्याच्या आधाराने आपल्या वजनाच्या सुमारे वीस टक्के ओझे घेऊन त्या चालल्या, तरी शरीराला जादा ऊर्जा लागली नाही. पुढे त्याचे कारणही शोधले गेले: चालताना शरीर लंबकासारखे वरखाली होते, आणि त्या हेलकाव्यातली ऊर्जा या बायका आपल्यापेक्षा कमी वाया घालवतात. वाचून साधकांना भरून येते. मात्र गणित पूर्ण करावे. पन्नास किलोच्या बाईला वीस टक्के म्हणजे दहा किलो. तेवढे फुकट. इथे डोक्यावर दोन हंडे असतात, म्हणजे पाणीच तीस किलो. वरच्या वीस किलोंचा हिशेब शरीर चोख वसूल करते, मानेच्या मणक्यांतून. त्या अभ्यासाला दुसऱ्या हंड्याचा परिच्छेद जोडायचे राहून गेले असावे.

याच पाठात प्रात्यक्षिक म्हणून कोचाळ्याजवळचे मध्य वैतरणा धरण दाखवतात. धरण मोखाड्यात आहे, 2014 साली पूर्ण झाले, आणि ते रोज 455 दशलक्ष लिटर पाणी मुंबईला देते. पंधरा लिटरचा हंडा धरला तर रोज तीन कोटी हंडे, आणि एकाही मानेवर भार नाही. स्नायूंना संपूर्ण विश्रांती कशी द्यावी, याचा इतका सरस नमुना कोणत्याही योगग्रंथात नाही. पाणी नुसते आडवे होते आणि अंधेरीला उठते. अंधेरीत ते योगवर्गानंतरच्या शॉवरला येते, तिथे साधक डोळे मिटून शरीरभान अनुभवत उभा असतो. शॉवर लवकर बंद करू नये, अनुभव अपुरा राहतो.

ज्यांना निवासी शिबिर हवे, त्यांच्यासाठी दिवाळीनंतर सोय आहे. तालुक्यातली कितीतरी घरे बिऱ्हाड बांधून भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुक्काम पावसापर्यंत. साधन एकच, वीट, आणि ती लाकडी नाही. उचल आधी मिळते, म्हणजे शिष्यवृत्ती आगाऊ. ती फिटेपर्यंत शिबिर सोडता येत नाही. मुलांना प्रवेश मोफत.

प्राणायामाकडे वळू. इथे गुरू मिळणे अवघड नाही, पण त्यांच्यापुढे बसायला पोटात वारा हवा. तारपा म्हणजे वाळवलेल्या दुधी भोपळ्याला बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. त्याचा सूर तुटू द्यायचा नाही. म्हणून वादक गालांत हवा साठवतो, गाल ती तारप्यात ढकलत असतात तेवढ्यात नाकाने नवा श्वास घेतो. सराव करायचा तर पेल्यात पाणी आणि नळी घ्यावी. बुडबुडे न थांबवता नाकाने श्वास घ्यावा. पाणी नाकात जाईल. जाऊ द्यावे. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा नव्वदी ओलांडूनही तारपा वाजवतात. 2026 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या श्वासाची लांबी मोजायला बसू नये, आपलाच सुटतो.

तारप्याभोवतीचा नाच वरून सोपा दिसतो. एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करायची आणि वादकाभोवती फेर धरायचा. वादकाने चाल बदलली की पावले बदलतात, आणि ती सगळ्यांची एकदम बदलावी लागतात. कोणी मोजून सांगत नाही. शेजाऱ्याच्या कमरेतून तुमच्या हाताला कळते आणि हातातून तुमच्या पायाला. साधक डोक्यात ‘एक, दोन, तीन’ मोजतो आणि चौथ्याला फेराबाहेर असतो. फेरातल्या म्हाताऱ्या हसत नाहीत. त्या त्याला पुन्हा ओढून घेतात, त्यामुळे जास्त लाज वाटते.

अंतिम परीक्षा बोहाड्याची, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या सोंगांच्या उत्सवाची. शिमग्यापासून पुढे गावोगावी आपापल्या तिथीला बोहाडे होतात, त्यात मोखाड्याच्या जगदंबेचा मोठा. गणपती येतो, रावण येतो, शेवटी देवी आणि महिषासूर. तोंडावर जड मुखवटा, अंगावर जरीचे वस्त्र, बघायला इवलीशी फट, डोळ्यांवर दिव्यांचा झोत, दोन्हीकडे दाटलेली माणसे, आणि संबळ. त्या फटीतून स्वतःचे पाय दिसत नाहीत. करंगळी तर राहूच द्या. तरी सोंग नाचत नाचत पुढे येते, मागे जाते, गिरकी घेते, आणि पोरांच्या अंगावर पडत नाही. घराण्यांकडे सोंगे परंपरेने असतात. बाप रावण होता म्हणून मुलगा रावण होतो, आणि त्या डोक्याचा भार मानेला लहानपणापासून माहीत असतो. बाहेरच्या साधकाला सोंग मिळणार नाही. त्याने गर्दीत उभे राहून दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर आहे की आपला दुसऱ्याच्या, एवढे डोळे मिटून ओळखले तरी उत्तीर्ण.

शेवटी नेहमीच्या शंका.

हंड्याऐवजी पुस्तक डोक्यावर ठेवून सराव चालेल का? चालेल. पुस्तक जाड असावे आणि पडल्यास ते आणायला पुन्हा दरीत उतरावे.

प्रमाणपत्र मिळेल का? ज्यांनी हा अभ्यासक्रम आठव्या वर्षी सुरू केला त्यांनाही अजून मिळालेले नाही. आपला क्रमांक त्यांच्यानंतर.

घरोघरी नळ आल्यास ही परंपरा नष्ट होईल का? होईल. ही भीती आतापर्यंत फक्त बाहेरून आलेल्या साधकांनी व्यक्त केली आहे.

रोज किती वेळ सराव करावा? ते टँकरवाल्याला विचारावे. तो शुक्रवारी येतो म्हणाला होता.