नाना, नानी आणि उक्रोप

आमच्या शेजारचे नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी युरोप हाती घेतला. 'हाती घेतला' असंच म्हणायला हवं. नुसतं फिरायला जाणं नानांना मंजूर नाही. आधी पाहणी, मग अंदाजपत्रक, मग प्रत्यक्ष काम. बरोबर एक जाड वही. डाव्या पानावर 'पाहिले', उजव्या पानावर 'खाल्ले'. शेऱ्याचा रकाना नाही, कारण शेरे नानी मारतात.

पॅरिसला लूव्रमध्ये मोनालिसापुढे पंढरपुरासारखी बारी लागली होती. त्या रेटारेटीत नानांनी लिहून घेतलं, '७७ × ५३ सेंमी.' नानी म्हणाल्या, "बाईला भुवया नाहीत हो." नानांनी मान वर करून पाहिलं. खरंच नव्हत्या. ते काही वहीत गेलं नाही.

व्हिएन्नाबद्दल विचारलं तर नाना फक्त एका केकची गोष्ट सांगतात. झाखर टोर्ट त्याचं नाव. १८३२ साली सोळा वर्षांच्या एका शिकाऊ पोरानं तो केला म्हणतात. पुढे 'मूळ' हा शब्द कुणी लावायचा यावरून तिथलं एक हॉटेल आणि एक मिठाईवाला वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. जर्दाळूचा मुरंबा केकच्या मधोमध की वरच्या चॉकलेटखाली, हासुद्धा वादाचा मुद्दा. भूसंपादनाच्या दाव्यांत ज्याची हयात गेली त्याला आणखी काय हवं? नानांनी टेबलावर बोटानं रेघा ओढत नानींना सगळा खटला समजावला. निकाल लागेपर्यंत नानींनी दोघांचेही तुकडे संपवले होते. "बाजूला बिनसाखरेची घुसळलेली साय देतात," एवढंच त्या मला म्हणाल्या. "पुरणपोळीवर तूप, तसं."

पण नानांचा जीव रशियात अडकलेला, आणि त्याला कारण एक घोडा. पंधराव्या शतकात ट्वेरचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी चौल बंदरात उतरला तो विकायला घोडा घेऊन. जुन्नरला तिथल्या खानानं तो घोडा काढून घेतला, मग परतही दिला. नाना मूळचे जुन्नरचे. त्यामुळे हे प्रकरण आपल्या अखत्यारीत येतं असं त्यांना मनापासून वाटतं. मॉस्कोत वेटर, टॅक्सीवाला, म्युझियमच्या दालनात खुर्ची टाकून बसलेल्या आजीबाई, जो सापडेल त्याला ते मोबाइलवरून भाषांतर करून दिलगिरी ऐकवत सुटले. 'घोडा परत दिला होता' हे वाक्य ठेवणीतलं, शेवटी यायचं. ऐकणाऱ्यांची बहुधा समजूत व्हायची की या पाहुण्यांचा घोडा हरवलाय. एक आजीबाई तर त्यांना माहितीच्या खिडकीपर्यंत पोहोचवून आल्या. पीटर्सबर्गच्या गाडीतून जाताना ट्वेर आलं, तेव्हा नानांनी खिडकीतूनच हात जोडले.

खाण्याच्या बाबतीत नानींना परदेश असा लागतच नाही. ब्लिनी समोर आली, "घावन." वारेनिकी आल्या, "उकडलेल्या करंज्या, सारण बटाट्याचं." राईच्या पावापासून आंबवलेलं क्वास एक घोट घेऊन बाजूला ठेवलं, "आंबील, पण फार दिवसांची." नाना चिडायचे. "दरवेळी आपलंच काय काढतेस? जरा नवं म्हणून खायला शीक!" ते स्वतः नवं म्हणून खात होते. विशेषतः बोर्शवर, बटाट्यांवर, दह्यासारख्या त्या स्मेतानावर, सगळीकडे भुरभुरलेला तो हिरवा, नाजूक पाला. काय म्हणतात याला? वेटर म्हणाला, "उक्रोप." नानांनी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

आता थोडी मागची हकिकत सांगायला हवी. कांदेपोह्यांच्या वेळी नानांनी मुलीला एकच प्रश्न विचारला होता, "शेपू करता का?" नानी 'नाही' म्हणाल्या आणि लग्न ठरलं. तेव्हापासून त्या घरात शेपूची काडी आलेली नाही. आमच्याकडे शेपू शिजला की नाना खिडक्या लावून घेतात. नानींना विचाराल तर शेपू जीव की प्राण. तो त्या माहेरी जाऊन खातात.

पीटर्सबर्गला नेमकी संकष्टी आली. जूनचा महिना, तिथं धड रात्रच होत नाही. दहा वाजून गेले तरी ऊन. नेव्हा नदीवर मध्यरात्रीनंतर जहाजांसाठी पूल उघडतात, ते बघायला गर्दी जमली होती. नाना घड्याळ लावून पुलाच्या मिनिटांचा हिशेब ठेवत होते, नानी चंद्राची वाट पाहत होत्या. पूल मधोमध दुभंगून वर गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर केव्हातरी छपरांमागून तांबूस चंद्र आला. नानींनी हात जोडून डबा उघडला. हॉटेलातून आणलेले उकडलेले बटाटे, वर लोणी आणि मूठभर उक्रोप. नानांचा उपास नव्हता, त्यांनी चार बटाटे खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाले, "हा वास! आपल्याकडे असं काही पिकतच नाही." नानींनी तोंडापर्यंत आलेला शब्द बटाट्याबरोबर गिळला.

परवा आम्हाला त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं. वही मांडीवर घेऊन नाना घोड्यापर्यंत आले होते. ताटात बटाटे, त्यावर उक्रोप. "रशियाहून बी आणलं हिनं," नाना अभिमानानं म्हणाले, "गॅलरीतल्या कुंडीत लावलंय." कुंडी होती खरी. तिच्यात ओवा होता.

पाणी आणायला मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली बाजारातली जुडी दिसली. वासावरून ओळखायची गरजही नव्हती. मी नानींकडे पाहिलं. त्यांनी बाहेरच्या खोलीचा कानोसा घेतला, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या,

"पुढच्या महिन्यात मुगाची डाळ घालून बघणार आहे."