अर्धाच वाढा हं!

मोदकाचा अर्धा भाग नेमका कोणता, हे मला कोणीतरी एकदा समोर बसून समजावून सांगावं. उकडीच्या मोदकाबद्दल बोलते आहे मी. पोळीचा अर्धा होतो, पुरीचा होतो, पेढाही दोन बोटांत दाबून कसाबसा वाटून घेता येतो. मोदकाचा होत नाही. तरी परवा चतुर्थीला निम्म्या पंगतीने तोच मागितला. "अर्धाच वाढा हं, डाएट चालू आहे." हे वाक्य म्हणताना मान किंचित तिरकी करायची असते, आणि आवाज शेजारच्या दोन पानांपर्यंत पोचेल एवढा ठेवायचा असतो.

आता सुरी घेऊन बघा. मोदक उभा कापला तर सारण घळकन बाहेर येतं, पारी दोन्हीकडे लोळते आणि पाकळ्या मिटून वर काढलेलं नाक कोणाच्या वाट्याला, यावर वाढणाऱ्याचा हात अडतो. आडवा कापला तर वर नुसती उकडीची टोपी राहते आणि खाली सारणाची वाटी. म्हणजे मागणाऱ्याने टोपी हवी की वाटी, हे आधी सांगायला हवं. आमच्या धाकट्या नणंदबाईंना मी तसं विचारलंही. त्या विचारात पडल्या. टोपी नको, कारण तांदळाच्या पिठात कार्ब्ज. वाटी नको, कारण गूळ. "मग?" म्हटलं. उरली ती वाफ, आणि ती मोदकपात्राचं झाकण काढलं तेव्हाच गेली होती.

शेवटी त्यांनी वाटी घेतली. गूळ साखरेपेक्षा चांगला असतो ना, म्हणाल्या. चवीला असतो. कॅलरीच्या हिशेबात दोघेही ग्रॅमला चारच्या आसपास, सख्खे भाऊ. पण डाएटवाल्यांपुढे असलं काही बोलायचं नसतं. ते ज्या हिशेबाने जेवतात, तो आपल्याला शाळेत शिकवलेला नाही.

त्या हिशेबाचा पहिला नियम असा, की अर्ध्यांची बेरीज करायची नाही. पहिला अर्धा देवाचा प्रसाद म्हणून. दुसरा अर्धा "अगं, पहिल्यात सारणच नव्हतं" म्हणून. तिसरा अर्धा मुलाने पानात टाकला, टाकून कसं चालेल, म्हणून. चौथा अर्धा पहिल्या अर्ध्याचा राहिलेला जोडीदार, तो एकटा वाटीत पडून वाईट दिसतो म्हणून. या चारांची बेरीज तुमच्या-माझ्या गणितात दोन. डाएटच्या गणितात अर्धा, कारण मागितला तो अर्धा. दुसरा नियम, उभ्याने खाल्लेलं धरायचं नाही. पंगत उठल्यावर हीच मंडळी स्वयंपाकघरात "काही मदत करू का?" म्हणत येतात. उरलेल्या उकडीत मिरची, जिरं, कोथिंबीर मळून केलेल्या निवगऱ्या ताटलीत असतात. ओट्याला टेकून, कच्च्या तेलात बुडवून एकेक जाते. गोड नाहीयेत ना, मग चालतंय. तिसरा नियम तुपाचा, आणि तो मात्र मला जरा सविस्तर सांगायचा आहे, कारण त्यात भौतिकशास्त्र आहे.

अख्ख्या मोदकावर तूप वाढलं तर ते पाकळ्यांच्या खाचांतून ओघळून पानावर येतं. पारी फार पीत नाही. म्हणून तर जाणकार माणूस आधी नाक मोडतो आणि त्या भोकातून तूप आत सोडतो. आता मोदक अर्धा कापला की काय होतं? सारणाची सगळी बाजू उघडी पडते. खोबरं आणि गूळ दोघे आ वासून बसलेले असतात. त्यावर चमचा उपडा केला की तूप दिसेनासं होतं, आणि पानावरचा माणूस वर बघून म्हणतो, "कोरडा लागतोय गं." दुसरा चमचा. मोठा चमचाभर तूप म्हणजे साधारण 14 ग्रॅम, ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे सव्वाशेच्या घरात. अर्धा मोदक नाकारून जे काही वाचवलं, ते पहिल्याच चमच्यात व्याजासकट परत आलं. दुसरा चमचा निव्वळ नफा. कोणी अख्खा मोदक निमूट खाल्ला असता तर एका चमच्यात भागलं असतं, पण अख्खा खाणाऱ्याला डाएट चालू आहे असं कोण म्हणणार? तूप चांगलं असतं, आजी म्हणायची, हे आता सगळ्यांच्या तोंडी आहे. आजी शेणगोठा करून, दोन हंडे पाणी भरून, दळण दळून मग तूप घ्यायची. हे लोक लिफ्टने येतात.

यंदा नवी भर पडली आहे खिडकीची. म्हणजे दिवसातले आठ तास खायचं, सोळा तास खायचं नाही. त्या आठ तासांना खिडकी म्हणतात. आमच्या एका भाचेजावयांची खिडकी दुपारी बाराला उघडते. गुरुजींना हे माहीत नव्हतं. त्यांना आणखी सहा घरं होती आणि आमचा नंबर चौथा. प्राणप्रतिष्ठा, षोडशोपचार, अथर्वशीर्ष, मग आरत्या. आरत्यांच्या बाबतीत आमचं घर हावरट आहे, एक संपली की कोणीतरी कोपऱ्यातून पुढची सुरू करतंच. नैवेद्य दाखवून पानं घ्यायला पावणेतीन झाले. भाचेजावई घड्याळाकडे बघत टाळ्या वाजवत होते. खिडकी उघडी आणि आत काहीच नाही, ही अवस्था फार वाईट. मग त्यांनी पावणेतीन तास मागचे भरून काढायचे म्हणून जेवायला सुरुवात केली. त्यांनी अर्धा मागितला नाही, हे मात्र कबूल करायला हवं. त्यांनी मोदक मोजायचेच सोडून दिले होते. रात्री आठला खिडकी बंद, हे त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितलं आणि आठला पाच कमी असताना दोन खाल्ले.

दोष आमच्या बाजूचाही आहे, तो झटकत नाही. 'नको' हा शब्द आमच्या पंगतीत ऐकू येत नाही. ताटावर हात आडवा धरला तर आमची मोठी जाऊ बोटांवर तूप वाढते. "एकाने काय होतंय?" या प्रश्नाला आजवर कोणालाही उत्तर देता आलेलं नाही. मग पाहुणा तरी काय करणार? 'नको' म्हटलं तर दोन पडतात, 'अर्धा' म्हटलं तर निदान एकावर निभावतं. आग्रह आणि डाएट यांच्यात झालेला हा तह आहे, आणि सगळ्या तहांसारखा तो दोन्ही बाजू पाळत नाहीत.

इथवर हसून घेते मी. पण आदल्या संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर एक निरोप आला होता, तो वाचून मला हसू आलं नाही. "आमचे पाच मोदक वेगळे ठेवशील का? पारी नाचणीची आणि सारणात गुळाऐवजी खजूर. थँक्स डिअर!" पुढे दोन हात जोडलेले.

पाच वेगळे. बाई गं, तुला मोदक कसा होतो हे माहीत आहे का? आंबेमोहोराची पिठी, तितकंच पाणी, पाण्याला उकळी आली की मीठ, तुपाचं बोट, मग पीठ वैरायचं आणि झाकण मारायचं. ती उकड गार होऊन चालत नाही. हाताला चटके बसत असतानाच मळावी लागते, नाहीतर पारी चिरते. मग तेल-पाण्याचं बोट लावत वाटी करायची, कडेला एकेक पाकळी चिमटायची, सारण भरायचं, सगळ्या पाकळ्या गोळा करून वर नाक काढायचं. असे देवाचे 21, आणि मग माणसांचे. पहाटे चारला उठून, नारळ खवून खांदा भरून आलेला असतो. आणि नाचणीच्या उकडीला ओढच नसते. पाकळी घालायला गेलं की ती भेगाळते, कितीही गरम मळा. वेगळं भांडं, वेगळी परात, वेगळी वाफ, हळदीचं पान वेगळं. खजुराच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग साखरच असतो, ते आणखी वेगळं. हे सगळं कशासाठी? तर तिने वजन कमी करायचं ठरवलंय म्हणून. तिने! मग घाम मी का गाळायचा? तिच्या व्यायामाचा माझ्याकडून हा भरणा कोणत्या ट्रेनरने लिहून दिला? आणि एवढं करून ते पाच मोदक कोणी खाल्ले माहीत आहे? कोणीच नाही. तिने एक चाखला, "छान झालाय, हेल्दी आहे," म्हणाली आणि साध्यातला अर्धा मागितला. उरलेले चार आम्ही बायका शेवटच्या पंगतीला बसलो तेव्हा आमच्या पानात आले, गार, दगडासारखे. शेवटच्या पंगतीत कोणालाही डाएट विचारत नाहीत. तिथे जे उरलं ते डाएट.

ज्यांना खरंच जपून खावं लागतं, ती माणसं बोलत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. सासऱ्यांना मधुमेह आहे. ते पानावर बसले की आधी भाताची मूद निम्मी उचलून परत भांड्यात ठेवतात, हात लावण्याआधी. कोशिंबीर आणि भाजी दोनदा मागून घेतात. तळणीकडे बघत नाहीत. मग एक मोदक, अख्खा, नाक मोडून, तूप अगदी थेंबभर. तो ते पंगत संपेपर्यंत पुरवतात. दुसरा वाढायला गेलं तर मान हलवतात. त्या मानेपुढे मोठ्या जाऊबाईंचीसुद्धा टाप नाही. ना घोषणा, ना खिडकी. शेजारी बसलेल्याला यातलं काही कळतसुद्धा नाही.

आणि सणांनी वजन वाढतं, ही ओरड तरी किती खरी? अमेरिकेत 2000 साली एक अभ्यास छापून आला. तिथल्या नाताळच्या मोसमात 195 मोठ्या माणसांना काट्यावर उभं केलं होतं. सरासरी वाढ भरली 370 ग्रॅम. त्यांची टर्की, त्यांचे केक, त्यांचं सगळं धरून. ते 370 ग्रॅम पुढे उतरले मात्र नाहीत, हेही त्यात होतं. म्हणजे सणानंतरच्या महिन्यांत कोणी काही केलं नाही. आमच्याकडे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर काट्याचा फोटो येतो, "एका दिवसात दोन किलो!! बाप्पा!!" अहो, दोन किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा पंधरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतात. तेवढे मोदक मी केलेले नव्हते. बराचसा भार पोटातल्या अन्नाचा, मिठाने आणि गोडाने धरून ठेवलेल्या पाण्याचा. चार दिवस साधं जेवा, निघून जाईल. पण चहाबरोबर रोज चार बिस्किटं, ऑफिसात कोणा ना कोणाचा वाढदिवस, रविवारी 'आज चीट डे' म्हणून मागवलेला पिझ्झा, हे बाराही महिने बिनबोभाट चालू राहतं आणि खटला भरतो तो वर्षातून एकदा होणाऱ्या मोदकावर. मोदक बोलत नाही म्हणून.

बरं, एवढीच डाएटची हौस असेल तर पंचांगाने सोय केलेली आहे. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खात नाहीत. अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, दोडका, मक्याच्या कणसांचे तुकडे, चिंच, हिरवी मिरची, सगळं एका पातेल्यात शिजवायचं. आमच्याकडे त्यात तेलाचा थेंब नसतो. भाज्याच भाज्या, चोथाच चोथा. ही भाजी परदेशातून वेष्टनात बांधून आली असती तर हिच्यावर रांगा लागल्या असत्या. आमच्याकडे मोठं पातेलं भरून होते आणि त्या दिवशी डाएटवाल्यांपैकी एक माणूस फिरकत नाही. फोन केला तर सांगतात, काल फार झालं गं, आज लंघन आहे. संध्याकाळी वडापाव खाताना कोपऱ्यावर दिसतात.

आता गौरी आल्या आहेत, उद्या त्यांचं जेवण. सोळा भाज्या, घावन-घाटलं आणि पुरणपोळी. कालपासून डाळ निवडतेय आणि रात्री दहाला ग्रुपवर पुन्हा त्याच बाईंचा निरोप: "डिअर, उद्या आमच्या पोळ्यांत पुरण जरा कमीच भर ना, प्लीज. जमलं तर अगदी नावाला." मी लिहिलं, नावाला कशाला, पुरण घालतच नाही, साधी पोळी करते आणि वाढताना पुरणपोळी म्हणते. मला वाटलं आता रुसतील. मिनिटभरात उत्तर आलं, अंगठा वर करून: "परफेक्ट! पण तूप साजूकच आहे ना? आणि कटाची आमटी जास्त कर."