चहात मुरलेलं घड्याळ

अस्सल रोलेक्स ज्याच्या मनगटावर असतं, त्याला त्या घड्याळाबद्दल जवळजवळ काहीही ठाऊक नसतं. ते महाग आहे एवढं ठाऊक असतं आणि तेवढ्यावर त्याचं भागतं. रोलेक्सचा खरा व्यासंग पाहायचा असेल, तर नकली रोलेक्सवाल्याला गाठावं. आमचे साडू हे या दुसऱ्या पंथातले. पेशानं विम्याचे दावे तपासणारे. दिवसभर लोकांची खोटी बिलं पकडायची आणि रात्री जेवण झालं की डोळ्याला भिंग लावून आपलं खोटं घड्याळ कुठे पकडलं जाईल ते शोधायचं, असा त्यांचा दिनक्रम आहे. दोन्हीकडे नजर तीच लागते, म्हणतात.

घड्याळ आलं क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या एका गल्लीतून. त्या गल्लीत 'नकली' असं कोणी म्हणत नाही, 'फर्स्ट कॉपी' म्हणतात. सेकंड कॉपी विकताना आजवर कोणी दिसलेला नाही. साधा माणूस असं घड्याळ घेतो, चारचौघांत मिरवतो, सहा महिन्यांनी ते बंद पडतं आणि विषय संपतो. साडूंच्या बाबतीत विषय तिथून सुरू झाला.

पहिला खटका तारखेवरून उडाला. रोलेक्सच्या काचेवर तिनाच्या जागी एक छोटं भिंग असतं आणि ते तारीख अडीच पट मोठी करून दाखवतं. फर्स्ट कॉपीचं भिंग कंजूष, दीड पटीवरच थांबतं. एका बारशात कोणीतरी चाळिशी न लावता साडूंच्या घड्याळात तारीख पाहायला गेलं आणि त्याला ती दिसली नाही. झालं! नवी काच मागवली. काच आली, तर भिंग केसभर डावीकडे. ते सरळ केलं, तर तारीख मोठी झाल्यामुळे तिच्यातले दोष दिसायला लागले. तिनाचं पोट म्हणे जरा जास्तच सुटलेलं होतं. म्हणून तारखेची चकती बदलली. मग चावीच्या दोन्ही बाजूंचे खांदे अंमळ जाड वाटायला लागले. साडूंनी ते कानशीनं घासून उतरवले, इतक्या हळुवारपणे की मेव्हणी म्हणाली, "माझ्या बांगडीचा टोचरा कोपरा वर्षभर सांगतेय, तो घासला नाहीत कधी."

सेकंदकाट्याचं प्रकरण याहून गहन आहे. अस्सल घड्याळात तो टकटक उड्या मारत नाही, तरंगत जातो. म्हणजे खरं तर सेकंदाला आठ बारीक पावलं टाकतो. डोळ्यांना ते तरंगणं वाटतं. साडूंच्या मशिनात पावलं सहाच पडत होती. हे कळलं कसं? तर त्यांनी मोबाइलवर काट्याचं संथगती चित्रण केलं आणि मोजलं. मी मोजलं तेव्हा मला सात भरली, पण माझं मत विचारात घेण्यात आलं नाही. मशीन बदललं. आता यातली गंमत अशी, की रोलेक्स कंपनी आपल्या घड्याळाची चूक दिवसाला दोन सेकंद मागे-पुढे याच्या आत राहील असं अभिमानानं सांगते, म्हणजे महिन्याला फार तर मिनिटभर. स्टेशनबाहेर मिळणारं सेलवरचं घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंदांच्या वर सहसा चुकत नाही. वेळ हवी असलेल्या माणसानं काय घ्यावं हे उघड आहे. साडूंना वेळ नको होती, पावलं हवी होती.

आणि मुकुट! या शतकाच्या सुरुवातीपासून कंपनी काचेच्या आत, सहाच्या वर, लेझरनं एक मुकुट कोरते. तो इतका पुसट असतो, की भिंगातूनही दिसला तर नशीब. नकलाकारांनी तोही कोरला, फक्त चांगला ठसठशीत, गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटावं म्हणून. त्यामुळे परीक्षा उलटी झाली. मुकुट दिसला की घड्याळ खोटं. साडूंनी न दिसणाऱ्या मुकुटाची काच शोधून काढली, तिचे जास्त पैसे मोजले आणि आम्हा सगळ्यांना ती उजेडात धरून दाखवली. आम्हाला काहीच दिसलं नाही. साडू कृतार्थ झाले.

यात आपण फार नवं काही करतोय असं कोणी समजू नये. अब्राहम-लुई ब्रेगे हा पॅरिसचा थोर घड्याळजी. त्याच्या हयातीतच त्याच्या नकलांचा सुळसुळाट झाला, तेव्हा 1795 च्या सुमारास त्यानं डायलवर गुप्त सही कोरायला सुरुवात केली. घड्याळ तिरपं धरलं तरच ती दिसे. ज्या स्विस लोकांचा आज खोट्या घड्याळांवर एवढा राग, त्यांच्याच पूर्वजांनी अठराव्या शतकात आपल्या घड्याळांवर लंडनच्या कारागिरांची नावं घालून ती खपवली. त्यांतले काही कारागीर तर लंडनमध्ये कधी जन्मलेच नव्हते. पुढच्या शतकात अमेरिकन घड्याळांना मागणी आली, तेव्हा अमेरिकन नावं घातली. जिनिव्हानं आता खोट्या घड्याळांसाठी चीनमधल्या ग्वांगझोच्या नावानं बोटं मोडावीत, हा काळाचा महिमा. आणि काळ हाच त्यांचा धंदा असल्यामुळे त्यांना तो समजायला हवा.

आपणही मागे नाही. परदेशातल्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांत 'मुंबई स्पेशल' नावाची एक जात प्रसिद्ध आहे. आत कुठलं तरी म्हातारं, तेलपाणी केलेलं मशीन आणि वर नव्यानं रंगवलेला डायल, पोपटी, भगवा, मोरपंखी, ज्या रंगांत मूळ कंपनीनं घड्याळ काढण्याचं स्वप्नातही आणलं नसेल. नवख्यांना तिकडे सांगतात, असल्या घड्याळापासून लांब राहा. मला मात्र त्या रंगाऱ्याबद्दल आदर आहे. त्यानं लपवाछपवी केली नाही, रंगपंचमी केली.

साडूंचा मार्ग वेगळा. नवं घड्याळ अस्सल दिसायला लागल्यावर त्यांना जुनं घड्याळ अस्सल दिसावंसं वाटू लागलं. याला कारण पॉल न्यूमन. या हॉलिवूडच्या नटाला त्याच्या बायकोनं एक रोलेक्स डेटोना भेट दिलं होतं, गाडी जपून चालव अशा अर्थाचे शब्द पाठीवर कोरून. ते 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 1 कोटी 78 लाख डॉलरला गेलं. गंमत म्हणजे त्या धाटणीचा डायल साठ-सत्तरच्या दशकांत दुकानात धूळ खात पडे. हे वाचल्यापासून साडूंना धुळीबद्दल ममत्व वाटू लागलं.

जुनेपणा आणायचा म्हणजे काय करायचं? जुन्या डायलवरचे पांढरे ठिपके कालांतरानं लोण्याच्या रंगाचे होतात. त्यासाठी चहा. कोरा, कडक, साखर नाही. साखर घातली तर मुंग्या येतात, हे अनुभवानं कळलं. एकदा पाहुण्यांचा चहा गाळताना गाळणीत डायल निघाला आणि पाहुण्यांना बिस्किटांवर भागवावं लागलं. खऱ्या जुन्या डायव्हर घड्याळांच्या काचेभोवतालच्या काळ्या कडा उन्हानं आणि समुद्रानं विटलेल्या असतात; साडूंनी आपल्या घड्याळाची काळी कड मोरीत ब्लीचमध्ये बुडवून ठेवली. ऊन आणि समुद्र दोन्ही त्यांच्या न्हाणीघरात अर्ध्या तासात आले. सगळ्यांत कठीण काम रेडियमचं. आपण सरसकट रेडियम म्हणतो, पण साठच्या दशकापासून पुढे काट्यांवर ट्रिटियम असायचं आणि बारा वर्षांत त्याची ताकद निम्म्यावर येते. म्हणजे सत्तरच्या दशकातलं खरं घड्याळ आज अंधारात चमकतच नाही. साडूंचं चमकलं. चमकणारा रंग खरवडून, न चमकणारा भरून घ्यायला त्यांना आणखी खर्च आला. दिवे गेले तेव्हा त्यांनी आम्हाला अंधारात हात पुढे करून दाखवला. आम्ही पुन्हा काही पाहिलं नाही आणि ते पुन्हा कृतार्थ झाले.

इकडे नामवंत स्विस कंपन्या काय करताहेत? कोऱ्या करकरीत अस्सल घड्याळांवर कारखान्यातच तो लोण्याचा रंग देऊन ती जुनी दिसावीत अशी विकताहेत. म्हणजे नकली घड्याळ अस्सल दिसण्यासाठी चहा पितं आणि अस्सल घड्याळ जुनं दिसण्यासाठी. चहा मात्र त्यांचा महाग.

खर्चाचा हिशेब साडू ठेवत नाहीत, मेव्हणी ठेवते. तिच्या मते आतापर्यंत काच, डायल, काटे, चावी, मशीन, पट्टा असं सगळं बदलून झालंय आणि गल्लीतून आणलेल्या घड्याळातलं आता फक्त खोकं उरलंय. तेही खोटं. एवढ्या पैशांत घरातल्या प्रत्येकाला अस्सल टायटन आलं असतं. "विकून तरी टाका," ती म्हणते. पण नकली छापाचा माल विकणाऱ्याला ट्रेड मार्क कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, शिवाय 50 हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. विम्याच्या माणसाला असली जोखीम मानवत नाही. दुसरी जोखीम पाण्याची. डायलवर छापलंय की हे तीनशे मीटर खोल पाण्यात चालतं. साडू हात धुतानाही ते काढून बायकोकडे देतात.

गेल्या लग्नसराईत एका कार्यालयात मुलीकडचे एक बिल्डर पंगतीला आमच्या शेजारी आले. मनगटावर तेच मॉडेल, अस्सल. त्यांच्या दारातल्या गाड्या पाहता शंकेला जागा नव्हती. साडूंनी जिलबी बाजूला सारली आणि खिशातून भिंग काढलं.

"कुठून घेतलंत?"

"कोण जाणे. पार्टीनं दिलं दिवाळीला."

"पावलं किती?"

बिल्डरांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. साडूंनी बराच वेळ तपासणी केली आणि माझ्या कानाशी लागून निकाल दिला, "डुप्लिकेट आहे. काटा हलत नाही आणि तारीख तीन दिवस मागे आहे." घड्याळ अस्सलच होतं, फक्त ते बरेच दिवस कपाटात पडून बंद पडलं होतं आणि चावी फिरवायची असते हे मालकांना कोणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात बिल्डरांनी साडूंना वेळ विचारली. साडूंनी थाटात मनगट वळवलं आणि वेळ सांगितली. शेजारच्या आजोबांनी आपल्या जुन्या एचएमटीत पाहून ती सात मिनिटांनी दुरुस्त केली.

तेव्हा अस्सल घड्याळवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडे तज्ज्ञांचं लक्ष असतं. तारीख तेवढी लावत जा. घड्याळ रोज हातात घातलंत, तर फेब्रुवारी धरून वर्षातून पाचदाच ती पुढे करावी लागते.