गढूळ पाण्यातले अण्णा

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशकात दोन जातीची माणसं घराबाहेर पडतात. पहिली जात पूर बघणाऱ्यांची. ही होळकर पुलावर छत्र्यांची गर्दी करते आणि दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी मोजते. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. सरकार क्युसेकमध्ये मोजतं ते मोजू दे, गावाला मारुती कळतो. दुसरी जात संख्येनं थोडी, पण प्रत्येक कॉलनीत तिचा एखादा तरी नमुना सापडतोच. हे लोक पूर ओसरू लागला की निघतात. खांद्याला गळाची काठी, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि तोंडावर असा भाव, की एवढा पाऊस वरुणराजानं खास यांच्या सोयीसाठी पाडलाय. या मंडळींना आपण अण्णा म्हणू. घरोघरी त्यांना तेच म्हणतात.

अण्णा बहुधा नाशिकरोडचे, प्रेसमधून निवृत्त. तीस-पस्तीस वर्षं रोज करोडोंच्या नोटांजवळ बसायचं आणि सुटताना गेटवर झडती देऊन बाहेर पडायचं. रिकाम्या हातानं घरी येण्याची शिस्त अशी अंगात भिनलेली असल्यामुळे मासेमारीत त्यांचा जीव चटकन रमला.

रामकुंडावर ते गळ टाकत नाहीत. तिथे गंगा म्हणजे गंगा, पापं धुण्यासाठी. दसक-पंचकच्या पुढे तीच गंगा अण्णांच्या लेखी नदी होते. काठावर पोचल्यावर पहिला अर्धा तास ते काहीच करत नाहीत, नुसतं पाणी बघतात. पाणी चहासारखं दिसत असलं तर थांबायचं, ताकासारखं झालं की गळ टाकायचा, असा त्यांचा नियम. मधल्या काळात ते भोवतीच्या लोकांना शिकवतात. भोवती लोक नसले तर मला शिकवतात.

खरं सांगायचं तर शास्त्र पक्कं आहे. पूर असताना मधली धार इतकी ओढीची असते की मासा तिथे उभा राहिला तर नुसतं पोहून दमेल. म्हणून तो काठाला सरकतो, झुडपाच्या मुळाशी, दगडाच्या आडोशाला, पाणी जिथे भोवरा खाऊन शांत होतं तिथे. त्याला दिसत काहीच नाही, पण त्यावाचून अडतही नाही. कुशीवरच्या रेषेनं त्याला पाण्यातली हालचाल कळते, आणि शिंगटीला तर मिशांनीच चव लागते. वरून पावसानं गांडुळं वाहून आलेली असतात. ‘‘म्हणजे बघ,’’ अण्णा म्हणतात, ‘‘मासा आपल्यापासून दोन हातांवर आणि सगळं जग गळ टाकतंय नदीच्या मध्यावर!’’ हे सांगताना ते स्वतः काठापासून चांगले दहा फूट मागे उभे असतात. पन्नास वर्षं नदीवर काढली, पण पोहायला येत नाही.

चढणीच्या माशांबद्दल त्यांना तुच्छता आहे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की मासे अंडी घालायला ओढ्यांतून वर चढतात, उथळ पाण्यात अडकतात, आणि खेड्यातली पोरं ते टोपलीखाली धरतात. एका संध्याकाळी पातेलंभर. अण्णांच्या मते ही मासेमारी नव्हे, वेचणी. मी विचारलं, ‘‘पण अण्णा, कालवण तर होतं ना?’’ त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मैफलीत उठून गवयाला बिदागीचा आकडा विचारला असावा.

दोन वर्षांपूर्वी डेन्व्हरच्या मुलानं त्यांना फ्लाय फिशिंगची काठी पाठवली आणि अण्णांचा दुसरा जन्म झाला. काठी नऊ फुटी, वजनाला फुलासारखी. आपल्या गळाला शिसं लावतात, त्या वजनानं दोरी लांब जाते. इथे उलटं. आमिष म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली माशी, तिला वजनच नाही. जड असते ती दोरी. ती डोक्यावरून मागे फेकायची, मागे पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे सोडायची. हात घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मध्येच हलला पाहिजे. पहिला सराव गच्चीवर झाला. त्यात शेजारच्या वहिनींचा गाऊन लागला. वजनाच्या मानानं अण्णांचा तो आजवरचा सर्वांत मोठा मासा. घाटावर मागे बाभूळ होती. पहिल्याच फेकीत माशी बाभळीवर बसली, ती अजून तिथेच आहे.

ही सगळी विद्या ट्राउटसाठी. ट्राउटला वीस अंशांच्या आतलं थंड पाणी लागतं. म्हणून इंग्रजांनी तो काश्मिरात नेला, निलगिरीच्या डोंगरात नेला, आणि गोदावरीच्या वाटेला गेले नाहीत. ‘‘ट्राउट नाही तर नाही,’’ अण्णा म्हणाले, ‘‘चिलापी काय इंग्रजी समजणार नाही?’’

मग मुलाला फोन. अमेरिकेत पावसानंतर पाणी गढूळ झालं की काय करतात? मुलानं तिकडच्या जाणत्यांना विचारून कळवलं: काठाजवळ टाका, माशी मोठी घ्या, काळी घ्या, म्हणजे गढुळात सावली दिसते, आणि हळूहळू ओढा. अण्णा खूश. सातासमुद्रापार जाऊन त्यांचं दसकचं ज्ञान शिक्का मारून परत आलं होतं. सोबत एक पाकीट आलं. अशा पाण्यात तिकडे हमखास चालणारी माशी, नाव ‘सॅन वॉन वर्म’, न्यू मेक्सिकोतल्या त्या नावाच्या नदीवरून पडलेलं. अण्णांनी पाकीट उघडलं. आत लाल मखमली दोऱ्याचा तुकडा, मधोमध आकड्याला बांधलेला.

अण्णांनी तो उजेडात धरला. चष्मा काढून बघितला, चष्मा लावून बघितला.

‘‘हे तर गांडूळ आहे,’’ ते म्हणाले.

होतं ते गांडूळच. दोन डॉलरचं. बाहेर कुंडीखाली त्या क्षणी फुकटची शे-दोनशे वळवळत होती. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी त्यांनी तडजोड काढली: आकडा अमेरिकेचा, गांडूळ कुंडीखालचं. मुलाला कळवलं नाही.

मासे मिळतात का, हा प्रश्न अण्णांना विचारू नये, काकूंना विचारावा. धरण भरून पाणी सुटतं ते बहुतेक श्रावणाच्या आगेमागे, आणि श्रावणात काकूंच्या ओट्यावर मासा सोडा, कांदासुद्धा चढत नाही. पूर्वी अण्णांना याचा त्रास व्हायचा. आता मुलाकडून त्यांना ‘कॅच अँड रिलीज’ हा शब्द मिळालाय. धरायचा आणि सोडून द्यायचा, तिकडे सगळे सभ्य लोक हेच करतात म्हणे. तेव्हापासून अण्णांनी किती सोडून दिले याचा हिशेब वहीत असतो. तारीख, विसर्ग, पाण्याचा रंग, माशाचं अंदाजे वजन. साक्षीदाराचा रकाना मात्र त्यांनी आखलेला नाही.

गेल्या नारळी पौर्णिमेला मी स्वतः साक्षीला होतो. पाणी ताकाच्या रंगाचं, पाऊस थांबलेला. दुपारी तीनच्या सुमारास काठी वाकली. अशी वाकली की अण्णांनी मला ‘‘धर, धर!’’ म्हणून कमरेला धरायला लावलं. पाच मिनिटं ओढाताण चालली. ‘‘वाम नाही, वाम झटके देते,’’ ते दातओठ खात सांगत होते, ‘‘हा जड आहे, मरळ असणार.’’ मरळ काठाला लागला. त्याला शेंडी होती.

आकडा बरोबर शेंडीत रुतला होता. वरून कुठून तरी, बहुधा रामकुंडावरूनच, वाहत आलेला नारळ. अण्णांनी तो हलवून बघितला. आत पाणी होतं.

‘‘हा सोडून द्यायचा की न्यायचा?’’ मी विचारलं.

अण्णांनी उत्तर दिलं नाही. पंचात गुंडाळून नारळ घरी आला. इतक्या वर्षांत नदीवरून अण्णांनी घरी आणलेली पहिली वस्तू म्हणून काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला, नळाखाली धरला आणि वास घेतला.

‘‘कुणाच्या तरी नवसाचा असेल हो,’’ त्या म्हणाल्या.

‘‘असू दे,’’ अण्णा म्हणाले, ‘‘भात तर व्हायचाच आहे ना आज?’’

काकूंनी नारळ फोडला. अण्णा वही घेऊन बसले आणि वजनाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, पाऊण किलो. जातीच्या रकान्याशी पेन थोडं थबकलं.