बकलातलं स्वातंत्र्य

गाडीतला पट्टा न लावता टिंग-टिंग बंद करायचा उपाय आपण केव्हाच शोधला आहे. बकलात खोचायची एक चकचकीत धातूची जीभ. तिला पट्टा नसतो. वर गाडीच्या कंपनीचा शिक्का मात्र असतो, म्हणजे कपाळमोक्षही ब्रँडेड. जुलै 2019 पासून नव्या मोटारींना ही टिंग-टिंग सक्तीची झाली आणि सक्तीच्या पाठोपाठ सुटकाही बाजारात आली. 2023 मध्ये ऑनलाइन दुकानांतून या क्लिपा हटवायचा हुकूम सुटला, तेव्हा 13,118 जाहिराती उतरवाव्या लागल्या.

‘माझा जीव, माझी मर्जी’ हा युक्तिवाद मला मनापासून आवडतो. फक्त तो या जिभेला लागू पडत नाही. सरकारने माझ्या छातीवर पट्टा आवळू नये असं ज्याला खरंच वाटतं, तो टिंग-टिंग ऐकत गाडी हाकेल, मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-बीखाली हजार रुपये भरेल आणि पावती फ्रेम करून दिवाणखान्यात लावेल. आमचा स्वातंत्र्यवीर सरकारशी भांडत नाही, तो स्वतःच्याच गाडीला थाप मारतो. सहा एअरबॅगांसाठी हप्ते भरायचे आणि त्या एअरबॅगा ज्या पट्ट्याच्या भरवशावर बनवल्या, तोच तेवढा टाळायचा, का तर शर्टाची इस्त्री मोडते! ताशी 50 किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणं. तिथे इस्त्रीचं काय होतं, ते एकदा धोब्याला विचारावं. शिवाय मर्जी एकट्याची राहत नाही. मागच्या सीटवर ऐसपैस बसलेले बिनपट्ट्याचे ऐंशी किलोचे काका ब्रेक लागताच पुढच्या सीटवर जाऊन आदळतात, आणि तिथे बसलेल्या काकूंची मर्जी कुणी विचारलेली नसते.

‘आधी खड्डे बुजवा, मग पट्टे सांगा,’ हा आक्षेप हमखास येतो. खड्डे आहेत म्हणून पट्टा नको, हे तर्कशास्त्र पाऊस आहे म्हणून छत्री नको अशा जातीचं. पण आक्षेपातला राग खरा आहे, आणि तो माझाही आहे. रस्त्याची रचना आणि देखभाल यांत कसूर केली आणि त्यात कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड, असं कलम 198-ए त्याच कायद्यात 2019 मध्येच आलं. पट्ट्याचं चलन मोबाइलवर टिंग करून येतं, फोटोसकट. न रंगवलेल्या गतिरोधकाचा फोटो काढून कुणाच्या मोबाइलवर असं टिंग झालेलं ऐकलंय? पहिल्या पावसात उखडणाऱ्या डांबराला सेन्सर का नाही? की ठेकेदाराच्या बकलातही कुणी आधीच एक जीभ खोचून ठेवली आहे, आणि वर बसलेल्यांना सगळं सुरक्षित असल्याचाच दिवा दिसतो?

तोवर गाडीत नीट बांधलेला एकच जण असतो. डॅशबोर्डवरचा गणपती. त्याला डबल टेपने घट्ट चिकटवलेलं असतं, तेही नेमकं एअरबॅग उघडते त्या झाकणावर.