वेलनेसवहिनी

माढ्यात हल्ली कुठल्याही बाईला सहज म्हणून "कशी आहेस?" असं विचारायची सोय राहिलेली नाही. "तशी बरी हाय वो, पण बॉडी एज बावन्न आलंय," असं उत्तर मिळतं. बाई असते अडतीस वर्षांची. दोन म्हशींची धार काढून, शेणकूर उरकून आलेली असते, देवळाच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागत नाही. तरी बावन्न. हा आकडा तिच्या गळ्यात वेलनेसवहिनींनी बांधलेला असतो.

वेलनेसवहिनी आता प्रत्येक मोठ्या गावाला एक तरी असतेच. कुर्डुवाडीला आहे, टेंभुर्णीला दोघी आहेत आणि त्या दोघींचं एकमेकींशी बोलणं नाही. आमच्या माढ्याच्या वहिनी या सगळ्यांत सीनियर. त्यांच्या दारावर पूर्वी "फॉल-पिको करून मिळेल" अशी पाटी होती. पाटी तीच आहे, फक्त तिच्या मागच्या बाजूला "मोफत बॉडी चेकअप, सकाळी 6 ते 9" असं रंगवून घेतलंय. वारं सुटलं की पाटी फिरते आणि ब्लाउजाचं कापड घेऊन आलेली बाई वजन करून परत जाते.

मूळ धंदा शिलाईचा. ब्लाउज शिवून घ्यावा तर वहिनींकडून, असं गावात म्हणत, कारण त्या आत माया भरपूर ठेवायच्या. "असू द्या दोन बोटं, पुढं लागतीया," असं म्हणत प्रत्येक नव्या नवरीच्या ब्लाउजात तिच्या दोन बाळंतपणांची सोय करून ठेवायच्या. शिलाईच्या जोडीला भिशी होती, नंतर घरातूनच साड्या झाल्या, मध्ये काही दिवस विमाही झाला. 2020 च्या टाळेबंदीत लग्नं पन्नास माणसांवर आली, ब्लाउज थांबले, आणि पुण्याच्या मामेबहिणीनं वहिनींना झूमची एक लिंक पाठवली. त्या लिंकमधून आत गेलेल्या वहिनी कोच होऊनच बाहेर पडल्या.

अर्थात पोटाचा अभ्यास त्याआधीचा. 2018 च्या सुमाराला सगळ्या महाराष्ट्रात घरटी दोन पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचाराचा धागा धरून सांगत होते, की दिवसातून दोनदाच जेवा, जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, की थोड्या थोड्या वेळानं खा, आपल्या मातीतलं खा, तुपाला भिऊ नका. लोक भांडत होते. वहिनींचा स्वभाव कुणाला दुखावण्याचा नाही, त्यांनी दोघांनाही मान दिला. दोन जेवणं दीक्षितांची आणि मधलं सगळं दिवेकरांचं. सहा महिन्यांत चार किलो वाढले. "दोघंबी चांगलीच हायती," वहिनी म्हणाल्या, "आमच्याच पोटाला कळंना कुणाचं ऐकावं."

कोच झाल्यावर घरात यंत्र आलं. यंत्र म्हणजे काचेचा वजनकाटा, वर धातूच्या चार चकत्या. अनवाणी उभं राहायचं. एका पायातून अगदी बारीक विद्युतप्रवाह अंगात शिरतो आणि दुसऱ्या पायातून बाहेर पडतो. पाणी धरून असलेल्या मांसातून तो सहज जातो, चरबीत अडतो. या अडथळ्याला उंची, वय आणि बाई की पुरुष एवढी माहिती जोडून आतलं सूत्र चरबीचा आणि त्यावरून बॉडी एजचा अंदाज सांगतं. अंदाजच तो. तांब्याभर पाणी पिऊन उभं राहिलं किंवा घाम गाळून आलं, की आकडा हलतो. वहिनींना हे ठाऊक नाही असं समजू नका. नव्या मेंबरचं पहिलं वजन त्या संध्याकाळी घेतात, लग्नाचं जेवून आलेली असली तर उत्तमच. दुसरं घेतात सकाळी, उपाशीपोटी. मधल्या काळात बाईनं काहीही केलेलं नसलं तरी टाळ्या वाजतात.

या यंत्रापुढं हरल्या नाहीत त्या एकट्या वहिनींच्या सासूबाई. त्यांना सगळे आत्या म्हणतात. आत्या काट्यावर उभ्या राहिल्या आणि यंत्र बोलेचना. नुसतं "एरर". जन्मभर रानात अनवाणी चाललेले तळवे, त्यावर घट्टे, टाचांना चिरा, वीज शिरणार कुठून? शेवटी ओल्या फडक्यानं पाय पुसून त्यांना पुन्हा उभं केलं. वय बहात्तर, बॉडी एज एकोणपन्नास. वहिनींचं स्वतःचं त्याच सकाळी चोपन्न आलं होतं, आणि ते मेंबरसमोर वाचून झालं होतं. आत्यांनी थोडा हिशेब केला.

"म्हंजे तू मला पाच वर्सानं थोरली की गं. मग सणाला पाया मी पडत जाईन तुझ्या."

त्या दिवसापासून आत्यांना काट्यावर बंदी आहे.

क्लब भरतो पुढच्या खोलीत. भिंतीला बाईच्या आतल्या अवयवांचा रंगीत तक्ता आहे, त्याच्या खाली शिलाई मशीन आणि मशीनवर शेकच्या डब्यांची उतरंड. डबा दोन हजारांच्या पुढे. शेक तीन चवींत मिळतो आणि तिन्ही चवी सारख्याच लागतात. वहिनींच्या पिशवीत चरबीचा एक रबरी गोळा असतो, पिवळा, गुळगुळीत, वजनदार. "ही अशी आपल्या पोटात हाय," असं म्हणून त्या तो टेबलावर आदळतात. बायका तोंडाला पदर लावतात. एकदा गोळा ताटलीत राहिला तर आत्यांनी खरवस समजून सुरी घेतली होती.

डब्याबद्दल माझं मत विचाराल तर त्यातलं प्रथिन गावात आधीपासून आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसेक ग्रॅम, हुलग्यात बावीसच्या आसपास. आत्या रोज सकाळी हुलग्याचं माडगं पितात, तो त्यांचा शेक. पण माडग्याला स्टेटसवर कुणी टाळ्या देत नाही, आणि माडगं पिऊन कुणी सिल्व्हर मेंबर होत नाही.

मेंबर होण्यासाठी फोटो लागतात. "आधी" आणि "नंतर". "आधी"चा फोटो गाऊनमध्ये, मोरीच्या दारात, केस विस्कटलेले आणि श्वास सोडलेला. "नंतर"चा कुर्तीत, अंगणात, लिपस्टिक लावून आणि श्वास धरून. फोटो काढायला मालक. मालकांना मोबाइलचं बटन वेळेवर सापडत नाही आणि वहिनी दात न हलवता म्हणत असतात, "काढा की वो लवकर, पोट धरलंय." दोन फोटोंमध्ये कधीकधी तासाभराचंच अंतर असतं. पण वहिनी एकदा खरंच सहा किलोंनी उतरल्या होत्या. त्या आनंदात माहेरी गेल्या, तर आई दारातच रडायला लागली. "वाळलीस गं. खायाला घालत न्हाईत व्हय?"

वहिनींचा सगळ्यात मोठा वैरी साखर. "पांढरं विष हाय ते," असं त्या इतक्या जोरात म्हणतात, की रस्त्यावरून जाणारा उसाचा ट्रॅक्टर दचकावा. आता हे माढा तालुक्यात म्हणायचं म्हणजे छाती पाहिजे. उजनीचं धरण 1980 साली पुरं झालं, कालव्यानं पाणी आलं, आणि जिथं कोरडवाहू रानात मालदांडी शाळू पिकत होता तिथं ऊस उभा राहिला. पिंपळनेरला विठ्ठलराव शिंदे कारखाना झाला. सरींत पाणी फिरू लागलं, बैल गेले, मोटारसायकली आल्या, आणि आत्यांच्या पिढीची चाल व भाकरी दोन्ही कमी होत गेली. वहिनींच्या पोटावर जे आलंय त्याचा पत्ता शोधायचा तर तो या पाटाच्या कडेनं शोधावा लागेल. मालकांचा तीन एकर ऊस आहे. कारखान्याचं बिल आलं की डबे येतात. दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर मिळते तेव्हा रांगेत वहिनी पहिल्या. विषाचं पोतं पलंगाखाली सरकवून ठेवतात. मालक कमी बोलतात, पण एकदा म्हणाले, "कारखाना उसाचा उतारा काढतो, ही माझा."

एका गोष्टीसाठी मात्र वहिनींना पैकीच्या पैकी मार्क द्यावे लागतात. पहाटे साडेपाचला स्टेशनच्या रस्त्याला बघा. नऊवारी, सहावारी, गाऊनवर टॉवेल, खाली बूट, डोक्याला स्कार्फ, अशी बायकांची रांग चाललेली असते. पूर्वी त्या वेळेला बाई घराबाहेर पडायची ती नळाला पाणी आलं तर किंवा पंढरीला निघाली तर. आता "कोचनी सांगितलंय" एवढं म्हटलं की सासऱ्याला तोंड उघडता येत नाही. यातल्या अर्ध्याजणी शेक पीत नाहीत, पैसे नाहीत म्हणून किंवा ओकारी येते म्हणून. चालायला मात्र येतात. पहिला किलोमीटर वजनावर बोलणं होतं, दुसरा जावेवर, तिसऱ्याला जिनं तिनं आपापलं रडून घेतलेलं असतं. परतताना माढेश्वरी देवीला हात जोडून सात वाजता घरी.

माढेश्वरीवरून आठवलं. 26 सप्टेंबर 2022 ला घटस्थापना होती आणि त्याच दिवशी सरकारचं "माता सुरक्षित तर घर सुरक्षित" अभियान सुरू झालं. अठरा वर्षांवरच्या बायकांची तपासणी. आमच्याकडच्या बायका नऊ दिवस उपाशी आणि बऱ्याचजणी अनवाणी. तपासायला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता, कारण जे आहे ते सगळं उघडं पडलं. वहिनी सगळा क्लब घेऊन गेल्या. आपली माणसं किती फिट आहेत हे सरकारला दाखवायचं होतं. रांगेत सगळ्यांत पुढं स्वतः. वजन उत्तम, बीपी उत्तम. मग बोट टोचलं. हिमोग्लोबिन आठ पॉइंट आठ. बाईला किमान बारा पाहिजे. मागची नऊ, तिच्या मागची साडेआठ. ज्या दोघींनी सगळ्यांत जास्त किलो उतरवून हार घालून घेतले होते त्या सगळ्यांत खाली. आशाताई नुसत्या वहीत लिहीत होत्या. क्लबची शेवटची बाई उठल्यावर त्यांनी विचारलं, "वैनी, तुमच्या काट्याला रक्ताचं बटन न्हाई का वो?"

वहिनी एकट्या नव्हत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. शंभरातल्या चोपन्न. वहिनींच्या बॉडी एजइतक्याच, पण हे मी त्यांना सांगायला गेले नाही.

दुसरी कुणी असती तर पाटी उतरवून ठेवली असती. वहिनींनी आठवड्यात "एचबी चॅलेंज" काढलं. रोज लोहाची गोळी घ्यायची आणि ग्रुपवर जिभेवरच्या गोळीचा फोटो टाकायचा. गोळीनं मळमळतं, कुणाकुणाला पोट धरतं, आणि शौचाला काळी होते. बायका घाबरून गोळ्या टाकून देऊ लागल्या. तेव्हा वहिनींनी पहाटे एक खणखणीत व्हॉइस मेसेज सोडला, की काळी होणारच, त्यात भ्यायचं काही कारण नाही, माझीबी कालपासनं तशीच हाय. एका मेंबरच्या मालकांनी तो स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात, बायकोचा मेसेज समजून, मोठ्या आवाजात लावला. हॉटेलात शांतता पसरली. पण त्यानंतर माढ्यात गोळी माहीत नाही असा माणूस उरला नाही.

काटा आता कपाटावर आहे, सेल संपलेत. बॉडी एज अजून विचारलं जातं, वहिनी तोंडावर बघून सांगतात. मोजायचं झालं तर जुनी शिलाईची टेप काढतात, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं, की आपल्याकडच्या बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली की साखर नि बीपीकडे लक्ष ठेवायला लागतं. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की ब्लाउजाच्या मापाची वही घरातच आहे. छाती, कंबर, दंड, बाही, तारखेसकट, अख्ख्या गल्लीची पंधरा वर्षांची. असली नोंद कुठल्या दवाखान्यात असेल असं मला वाटत नाही. माझंही पान आहे त्यात आणि ते कुणाला दाखवायचं नाही अशी मी वहिनींना शपथ घातली आहे.

डबा घ्यावा की नाही हा ज्याच्या त्याच्या उसाच्या बिलाचा प्रश्न. पण रक्त तपासून घ्या. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणीला आणि औषधाला पैसे पडत नाहीत. गोळी सुरू झालीच तर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर घेऊ नका. चहानं लोह अंगी लागत नाही.